नमाज चुकत नव्हती, तरी कशासाठी जगतो हे कळत नव्हते : इमाम गझाली आणि नियत

किनारा (धागालेखक)

अस्सलामु अलैकुम आणि नमस्कार.

श्रद्धेमुळे आयुष्याला हेतू सापडला असे सांगणारे लेखन बहुधा ठरलेल्या वळणाने जाते. आधी काळोख, मग एकाएकी उजेड, आणि शेवटी वाचकाला चार शहाणपणाच्या गोष्टी. माझ्या बाबतीत तसे काही घडलेले नसल्यामुळे हा धागा काढावा की नाही, याचा मी बरेच दिवस विचार करीत होतो. मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका खाडीकाठच्या गावचा कोकणी मुसलमान आहे. २२ वर्षे आखातात एका गोदामाचे हिशेब सांभाळले आणि त्या काळात नमाज व रोजे कधी सोडले नाहीत. म्हणजे श्रद्धा नव्हती आणि नंतर आली, असा हा प्रवास नाही. श्रद्धा होतीच. तरीही गावी परतल्यावर, घर बांधून झाल्यावर आणि मुलींची लग्ने पार पडल्यावर एके दिवशी असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या, नमाजानंतर मशिदीच्या पायरीवर बसलो असताना, उद्या सकाळी उठून आपण नेमके काय करायचे आणि कोणासाठी, हे मला कळेनासे झाले.

इस्लाममध्ये जीवनाचा हेतू काय, याचे उत्तर मदरशात जाणारे लहान मूलसुद्धा देते. जिन्न आणि मानव यांना अल्लाहने केवळ आपल्या इबादतीसाठी, म्हणजे उपासनेसाठी, निर्माण केले, असे कुरआनच्या ५१व्या सूरेची (अध्यायाची) ५६वी आयत (वचन) सांगते, आणि आम्ही तुम्हांला उगाच निर्माण केले असे तुम्हांला वाटले काय, असा प्रश्न २३व्या सूरेत थेट विचारलेला आहे. हे उत्तर मला पाठ होते, पण पाठ असलेले उत्तर आपले होईलच असे नाही. नेमक्या याच पेचात नऊशे वर्षांपूर्वी अडकलेला एक माणूस मला मशिदीच्या कपाटातील एका जुन्या उर्दू भाषांतरात भेटला, तो म्हणजे इमाम अबू हामिद अल-गझाली.

गझाली यांचा जन्म १०५८ साली खुरासानातील तूस येथे झाला. निशापूरला इमामुल हरमैन अल-जुवैनी यांच्याकडे त्यांचे शिक्षण झाले आणि १०९१ साली, वयाच्या तेहतिशीत, सल्जूक वजीर निजामुल मुल्क यांनी त्यांची नेमणूक बगदादच्या निजामिया मदरशात केली. त्या काळी विद्वानाला याहून मोठा मान क्वचितच मिळत असेल. समोर ३०० विद्यार्थी बसत, दरबारात शब्दाला वजन होते आणि तत्त्वज्ञांच्या मतांचे खंडन करावे ते त्यांनीच, अशी ख्याती होती. असा माणूस आपल्या आत्मवृत्तात लिहितो की, शिकवण्यामागची माझी नियत मी तपासून पाहिली तेव्हा ती निव्वळ अल्लाहसाठी नसल्याचे मला दिसले. मला हलवणारी गोष्ट मानमरातबाची आणि कीर्तीची हाव ही होती.

पुढची हकीकत वाचताना अंगावर काटा येतो. हिजरी ४८८च्या रजब महिन्यापासून, म्हणजे १०९५च्या उन्हाळ्यापासून, सुमारे सहा महिने आपण ओढाताणीत होतो, असे ते सांगतात. एक पाऊल पुढे पडे आणि दुसरे मागे, सकाळी केलेला निश्चय संध्याकाळपर्यंत विरून जाई. अखेरीस जीभच चालेना. निदान विद्यार्थ्यांच्या समाधानासाठी एखादा दिवस शिकवावे म्हणून बसले तरी शब्द फुटेना. त्यानंतर अन्नपाणीही जाईना, तेव्हा हकिमांनी हात टेकले आणि हे दुखणे मनातून शरीरात उतरलेले असल्यामुळे मनावरचा भार उतरल्याखेरीज औषध लागू पडणार नाही, असे सांगितले. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात मक्केला जातो असे लोकांना सांगून ते बगदादबाहेर पडले, मनात मात्र बेत शामचा, म्हणजे सीरियाचा, होता. मुलाबाळांच्या पोटापुरते ठेवून बाकीची संपत्ती त्यांनी वाटून टाकली. दमास्कसच्या उमय्या मशिदीच्या मिनारात दार लावून ते दिवसचे दिवस बसत. तेथून जेरुसलेम, मग हजरत इब्राहीम यांच्या कबरीसाठी अल-खलील, आणि त्यानंतर हज.

एवढीच कथा असती तर मी पुस्तक मिटून ठेवले असते, कारण सर्व सोडून निघून जाणाऱ्या थोरांच्या कथा आपल्याकडे कमी नाहीत आणि त्यांचा माझ्यासारख्या संसारी माणसाला उपयोगही कमी. मला थांबवले ते पुढच्या भागाने. सुमारे ११ वर्षांनी, ११०६ साली, हा माणूस निशापूरच्या मदरशात पुन्हा शिकवायला बसला. तेच काम, तसाच मदरसा, आणि बोलावणारा वजीरसुद्धा निजामुल मुल्क यांचाच मुलगा. गझाली म्हणतात की, लोकांना मी परतलेला दिसतो, पण मी परतलेलो नाही. पूर्वी मी मान मिळवून देणारी विद्या शिकवीत होतो, आता मान सोडायला लावणाऱ्या विद्येकडे बोलावतो आहे.

येथे मला माझी पाटी आठवली. आखातात असताना गावच्या मशिदीतील वजूच्या, म्हणजे नमाजापूर्वी हातपाय धुण्याच्या, हौजाच्या दुरुस्तीसाठी मी बरी रक्कम पाठवली होती. हौजावर देणगीदारांच्या नावांची संगमरवरी पाटी बसली आणि तीत माझे नाव तिसऱ्या ओळीत आले, वास्तविक दुसऱ्या ओळीतील गृहस्थांनी माझ्यापेक्षा कमी दिले होते. ही बातमी मला फोनवर कळली त्या रात्री मला झोप लागली नाही. इबादतीच्या तयारीसाठी बांधलेल्या हौजाबद्दल माझ्या मनात शिल्लक काय राहिले, तर ओळीचा क्रमांक. गझाली यांनी ‘इह्या उलूमुद्दीन’ या आपल्या ग्रंथात मानाची हाव आणि रिया, म्हणजे धर्मकृत्यातील दिखावा, यांवर एक सबंध भाग खर्ची घातला आहे. तो वाचताना हा इसम आमच्या जमातीच्या बैठकीला येऊन गेला होता की काय, अशी शंका यावी.

हा धागा काढण्याचे कारण असे की, जीवनाचा हेतू शोधणे म्हणजे कोठेतरी दडलेले एखादे विशेष कार्य हुडकणे, असे मी समजत होतो, आणि साठीच्या उंबरठ्यावर ते सापडत नाही म्हणून कष्टी होतो. हेतू दिलेला आहे, तो हुडकायचा नाही. शोधायचे ते एवढेच, की आज हातात असलेले काम कोणाला दाखवण्यासाठी चालले आहे. माझे काम हिशेबाचे. आता जमातीच्या फंडाची वही मी लिहितो, रमजानच्या आधी लोकांना जकातीचे अडीच टक्के काढून देतो आणि सुकी मासळी विकणाऱ्या चारपाच बायकांची उधारी नीट मांडून देतो. काम २२ वर्षे केले तेच आहे. सदस्यांचे अनुभव आणि आक्षेप, दोन्हींचे स्वागत आहे.

शंकासुर

लेख प्रामाणिक आहे, म्हणूनच प्रामाणिक आक्षेप नोंदवतो. मी कोणताच धर्म मानत नाही. सर्वशक्तिमान ईश्वराने माणसे निर्माण केली ती आपली पूजा करून घेण्यासाठी, हे ऐकून तो ईश्वर मला आपल्या पाटीवरील ओळीच्या क्रमांकाची चिंता करणाऱ्या देणगीदारासारखाच वाटतो. दुसरे असे की, नियत शुद्ध असली म्हणजे झाले, हे तत्त्व फार निसरडे आहे. जगातील पुष्कळ दुष्कृत्ये करणाऱ्यांना आपली नियत शुद्धच वाटत आलेली आहे.

किनारा

शंकासुर साहेब, देणगीदाराची उपमा मला लागली, आणि ती लागायला हवीच होती. आपल्या पहिल्या आक्षेपाचे उत्तर त्या ५१व्या सूरेच्याच पुढच्या आयतीत आहे. मला त्यांच्याकडून अन्न नको आणि त्यांनी मला खाऊ घालावे असेही नको, असे तेथे म्हटले आहे. इबादतीची गरज माणसाला आहे, कारण माणूस कशापुढे तरी वाकतोच. मी पाटीपुढे वाकलो होतो. हे उत्तर आपल्याला पटेल अशी माझी अपेक्षा नाही. न मानणाऱ्याला ते पटवून देणे मला जमणारही नाही.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर मात्र मी ठामपणे देऊ शकतो. सर्व कर्मे नियतीवर, म्हणजे मनातील हेतूवर, अवलंबून असतात, ही हजरत उमर यांनी सांगितलेली हदीस (पैगंबरांचे वचन) ‘सहीह बुखारी’च्या अगदी आरंभी येते, आणि ‘इह्या’मधील नियतीवरचा भाग लिहिताना गझाली यांच्यापुढे नेमका आपलाच आक्षेप होता. ते कर्मांचे तीन वर्ग करतात: पापे, पुण्यकर्मे आणि केवळ मुभा असलेली साधी कामे. पाप नियतीने पालटत नाही, हे ते स्पष्ट बजावतात. दुसऱ्याच्या पैशातून गरिबाला जेवू घालणारा किंवा हरामाच्या कमाईतून मशीद बांधणारा माणूस चांगल्या नियतीची ढाल पुढे करू शकत नाही. पुण्यकर्मे मात्र नियत बिघडली की बिघडतात. राहता राहिला तिसरा वर्ग, म्हणजे खाणे, झोपणे, धंदा, हिशेब. आपल्या आयुष्याचे बहुतेक तास याच वर्गात जातात, आणि नियतीने त्यांचीच इबादत होऊ शकते. माझ्यासाठी सगळी मेख येथे आहे.

दख्खनी

किनारा भाई, वालेकुम अस्सलाम. मी सोलापूरकडचा, आमच्याकडे हनफी मसलक, म्हणजे धर्मशास्त्राची हनफी शाखा, चालते. आपण कोकणातले, म्हणजे शाफई शाखेचे, आणि गझाली हेही शाफईच, त्यामुळे आपल्या गावच्या कपाटात त्यांचे पुस्तक सापडावे हे साहजिक आहे. पण एक मौज आपल्या नजरेतून सुटलेली दिसते. आमच्या फिकहनुसार (धर्मशास्त्रानुसार) वजू नियतीशिवायही होतो, नियत ही तेथे सुन्नत, म्हणजे केली तर उत्तम. आपल्याकडे मात्र नियत हा वजूचा फर्ज, म्हणजे अनिवार्य भाग, आहे. नियत नसेल तर हातपाय नुसते धुतले गेले, वजू झालाच नाही. रमजानच्या रोजांसाठीही शाफईंना रोज रात्री, फज्रपूर्वी (पहाटेपूर्वी), नवी नियत करावी लागते. म्हणजे आपण ज्या हौजाबद्दल लिहिले त्या हौजावर, पाटीच्या खाली, आपल्या गावचा प्रत्येक माणूस दिवसातून पाच वेळा नियत करीत होता.

किनारा

दख्खनी भाई, लहानपणापासून ही गोष्ट ठाऊक असूनही ती या प्रश्नाला जोडून पाहण्याचे माझ्या मनात आले नव्हते. आमच्याकडे ‘नियत बांधणे’ हाच शब्दप्रयोग आहे. इमामाने नियत बांधली की मागच्या ओळीही बांधतात. एखादी वस्तू सैल होते म्हणूनच ती पुन्हा पुन्हा बांधावी लागते, एवढे मी आता त्यात वाचतो.

इतिहासवेडा

चर्चा उत्तम चालली आहे, परंतु गझाली यांच्या आत्मवृत्ताकडे इतक्या सरळ नजरेने पाहणे मला धोक्याचे वाटते. ते घटनांनंतर दहाएक वर्षांनी लिहिलेले आहे आणि त्याची मांडणी अत्यंत घोटीव आहे. त्यांचे आश्रयदाते निजामुल मुल्क यांची हत्या १०९२च्या ऑक्टोबरात झाली आणि पुढच्याच महिन्यात सुलतान मलिकशाह वारला. त्यानंतर सल्जूक घराण्यात वारसाहक्कासाठी जी युद्धे पेटली, त्यांत बगदादमधील नामवंत विद्वानाला सुरक्षित वाटण्यासारखी परिस्थिती नव्हती. म्हणूनच त्यांनी बगदाद सोडण्यामागे बातिनींच्या, म्हणजे इस्माइली पंथाच्या मारेकऱ्यांच्या, खंजिराची भीती किंवा बदललेले राजकीय वारे होते, असा संशय काही अभ्यासकांनी व्यक्त केला आहे. आणखी एक गोष्ट मला खटकते. ज्या जेरुसलेममध्ये त्यांनी एकांतवास केला, ते शहर जुलै १०९९मध्ये क्रुसेडर सैन्याने घेतले आणि तेथे भीषण कत्तल झाली. या घटनेबद्दलचे गझाली यांचे मौन हा अभ्यासकांच्या चर्चेचा जुना विषय आहे. जीवनाचा हेतू सापडलेला माणूस एवढ्या मोठ्या अनर्थावर गप्प राहतो, याचा अर्थ आपण कसा लावता?

किनारा

आपला पहिला मुद्दा मी मान्य करतो, आणि तो मान्य केल्याने माझे काही बिघडते असे मला वाटत नाही. भीतीही असेल. मीसुद्धा गावी परतलो तो काही केवळ आईच्या ओढीने नव्हे. कंपनीने माणसे कमी केली हेही कारण होते, आणि लोकांना मात्र मी पहिलेच कारण सांगत आलो आहे. लोकांना मक्का सांगून शामला निघालो, हे गझाली स्वतःच लिहून ठेवतात. स्वतःचा असा लपंडाव उघड करणारा माणूस मला पूर्ण निर्मळ माणसापेक्षा अधिक विश्वासार्ह वाटतो.

जेरुसलेमविषयीच्या मौनाचे समर्थन माझ्याजवळ नाही. काही लोक म्हणतात की समाजाचे आतून शुद्धीकरण व्हावे हीच त्यांच्या मते खरी लढाई होती, पण ते मला पश्चात शोधलेले उत्तर वाटते. हेतू सापडला म्हणजे माणसाच्या हातून चुका होणे थांबते, असा माझा दावा नाही.

अबोली

मी मुख्यतः वाचनमात्र असते, पण येथे लिहावेसे वाटले. माझ्या सासूबाई तीन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या आणि त्यांचे सर्व काही मी केले. त्यामुळे किनारा भाईंचा लेख वाचताना माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो असा, की इमाम साहेब मिनारात बसले होते तेव्हा त्यांच्या घरी चूल कोण पेटवत होते? आजारी पडल्यावर हेतूचा शोध घ्यायला निघून जाण्याची सोय बायकांना सहसा नसते. माझ्याकडे नियत तपासायलाही वेळ नव्हता. कित्येकदा मी ती सेवा चिडून केली, कित्येकदा नणंदेला दिसावी म्हणून केली. मग त्या तीन वर्षांचे काय झाले असे समजायचे?

किनारा

अबोलीताई, या धाग्यावरील सर्वांत अवघड प्रश्न आपण विचारला आहे. गझाली यांनी घरच्यांसाठी खर्चाची तरतूद ठेवली होती आणि मुलांच्या हाकांनी मला अखेर मायदेशी ओढून आणले, असे ते स्वतः लिहितात. पण चूल कोणी पेटवली, याबद्दल त्या पुस्तकात ओळ नाही. ती असती तर पुस्तक अधिक पूर्ण झाले असते.

आपल्या दुसऱ्या प्रश्नावर मी मौलवी नसल्यामुळे फतवा देऊ शकत नाही. पण पैगंबरांचे साथीदार सअद बिन अबी वक्कास यांच्या हदीसमध्ये, अल्लाहसाठी केलेला जो खर्च असेल त्याचे पुण्य आहे, अगदी बायकोच्या तोंडात भरवलेल्या घासाचेसुद्धा, असे पैगंबरांनी सांगितल्याचे येते. घास भरवणे हे आपण तीन वर्षे केले. आणि मधूनच नियत डळमळली म्हणून लोकांसाठी काम करतो आहोत या भयाने कामच सोडून देणे, हाही सैतानाचाच डाव असल्याचे गझाली यांनी रियाच्या भागात बजावले आहे. काम चालू ठेवावे आणि नियत मात्र पुन्हा बांधावी, असा त्यांचा सल्ला आहे. चिडून का होईना, आपण काम चालू ठेवलेत.

इंद्रायणी

हे सर्व वाचताना गीतेतील निष्काम कर्म आठवल्याशिवाय राहत नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला, तो या दोन्ही वाटा ओळखूनच. तेव्हा ही दोन्ही तत्त्वे एकच आहेत, असे म्हणता येईल का?

किनारा

साम्य आहे, पण ती एकच आहेत असे मी म्हणणार नाही. माझ्या अल्पमतीप्रमाणे गीता फळावरचा हक्क सोडायला सांगते. इस्लाममध्ये फळाची आशा सोडायची नसते, फक्त ते माणसांकडे न मागता अल्लाहकडे मागायचे असते. जन्नतच्या लोभानेही नको आणि जहन्नमच्या भयानेही नको, केवळ तुझ्यासाठी, असे म्हणणाऱ्या बसऱ्याच्या सूफी संत राबिया आपल्या कल्पनेच्या पुष्कळ जवळ आहेत. पण ती उंची फार थोड्यांची. मी अजून सवाबाचा (पुण्याचा) हिशेब करणाऱ्यांतलाच आहे. पेशाच हिशेबनीसाचा.

कडुनिंब

फक्त एक सूचना करतो. बोलणे बंद होणे, अन्न न जाणे, सकाळी उठण्याचे कारणच न उरणे, ही लक्षणे कोणाला दिसत असतील तर त्यांनी मनोविकारतज्ज्ञांना जरूर भेटावे. श्रद्धेला आणि औषधाला एकमेकांचा विटाळ नाही.

किनारा

पूर्ण सहमत आहे. ज्याचा इलाज उतरवला नाही असा कोणताही आजार अल्लाहने उतरवलेला नाही, अशी हदीसच आहे. गझालीही आधी हकिमांकडेच गेले होते.

शंकासुर

तात्त्विक वाद बाजूला ठेवून एक व्यावहारिक प्रश्न विचारतो. एवढे सगळे उमगल्यावर ती पाटी आपण काढून टाकली की नाही?

किनारा

या प्रश्नाची मी वाटच पाहत होतो. मागच्या रमजानच्या आधी मी जमातीच्या बैठकीत माझे नाव पाटीवरून काढावे असे सुचवले. गवंड्याला बोलावले, तेव्हा तो म्हणाला की पाटी हौजाच्या भिंतीत घट्ट बसलेली आहे, एक ओळ खोडायला गेलो तर दगड तडकेल आणि हौज गळू लागेल. त्यावर बैठकीतील एका बुजुर्गांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सर्वांसमोर म्हटले की, पाहा, किती निगर्वी माणूस आहे. ते ऐकून मला जे वाटले ते पाटीवर नाव पहिल्या ओळीत आले असते तरी वाटले नसते, इतके गोड होते. मी तो विषय तेथेच सोडला. पाटी अजून तशीच आहे, तिसरी ओळही तशीच. वजूसाठी मी हल्ली पलीकडच्या बाजूच्या नळावर बसतो. तेथून ती दिसत नाही, आणि तो नळ थोडा गळतो म्हणून तेथे सहसा कोणी बसत नाही.